मोटारीचा श्वास आणि हैदराबादची हवा

एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी मोटारीच्या इंजिनाला किती हवा लागते, असा प्रश्न मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारतो. कोणी दोन लिटर म्हणतो, कोणी पंधरा. एखादा धीट विद्यार्थी शंभरापर्यंत जातो. हिशेब अगदी सोपा आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एका लिटरला अकरा किलो हवा झाली. आपल्या हैदराबादेत एक घनमीटर हवेचे वजन एक किलोहून थोडेसेच अधिक भरते. तेव्हा उत्तर आले दहा घनमीटर, म्हणजेच दहा हजार लिटर! एका लहानशा न्हाणीघरात मावेल एवढी हवा मोटार एका लिटरमागे ओढून घेते. आपण पेट्रोलचे पैसे मोजतो म्हणून पेट्रोलचा विचार करतो. हवा फुकट मिळते, त्यामुळे तिच्याकडे लक्ष जात नाही.

परंतु हौशी मोटारवाल्यांचे मात्र हवेकडे फार लक्ष असते, असे अलीकडे माझ्या ध्यानात आले. गाडी घेतल्यावर कंपनीने बसविलेली हवेची पेटी काढून टाकायची आणि तिच्या जागी बाजारातून आणलेला चकचकीत नळीचा, उघड्या शंकूसारख्या फिल्टरचा ‘इन्टेक’ बसवायचा, हा त्यांचा पहिला संस्कार. हा इन्टेक निवडावा कसा, किंबहुना निवडावा की नाही, याचा उलगडा आपल्या पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातल्या ज्ञानावर होऊ शकतो. तेवढ्यापुरताच हा लेख आहे.

निमित्त झाले माझ्या भाच्याचे. तो माधापूरला एका संगणक कंपनीत नोकरी करतो. त्याने गेल्या वर्षी जुन्या बाजारातून फोर्ड मस्टँग जी. टी. ही स्पोर्ट्‌स कार घेतली. ही गाडी भारतात अधिकृतपणे २०१६ साली आली. पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन, सुमारे ४०० अश्वशक्ती. एवढ्या शक्तीची गाडी कोटीच्या गर्दीतून चालविणे म्हणजे हत्तीवर बसून भाजी आणायला जाणे, असे त्याची आई म्हणते. पण तो प्रश्न निराळा. तो एके दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, इन्टेक घ्यायचाय. पन्नास हजारांच्या वर जातोय. बारा-पंधरा अश्वशक्ती वाढते म्हणतात. घेऊ का?” मी म्हटले, “वाढते म्हणतात, की कोणी मोजली आहे?” तेथून आमचा अभ्यास सुरू झाला.

प्रथम ‘इन्टेक’ म्हणजे काय ते पाहू. बाहेरची हवा गाडीच्या पुढच्या भागातून एका तोंडाने आत येते, एका बंद पेटीत जाते, तेथे कागदी फिल्टरमधून गाळली जाते, मग नळीतून थ्रॉटल नावाच्या झडपेपाशी येते. ड्रायव्हरचा पाय याच झडपेवर हुकूम चालवितो. तेथून पुढे सिलिंडर. मी वर्गात फिल्टरला ‘हवेची गाळणी’ म्हणतो. ते ऐकून आमच्या कन्नड विभागातील एक सहकारी मोठ्याने हसले होते, कारण कन्नडमध्ये ‘गाळि’ म्हणजेच हवा! तेव्हा ‘हवेची गाळणी’ हा शब्द आमच्या या दोन भाषांच्या अंकाला शोभण्यासारखा आहे, असे समजून तोच येथे वापरतो.

आता शक्तीचा प्रश्न. इंजिन जेवढी हवा आत घेऊ शकेल तेवढेच पेट्रोल जाळू शकते, म्हणून हवेच्या वजनावर त्याची शक्ती अवलंबून असते. अभियांत्रिकीचे जे विद्यार्थी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ पद्धतीच्या स्पर्धांसाठी छोटी रेसिंग कार बांधतात त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या स्पर्धांत पेट्रोलच्या इंजिनाने सगळी हवा फक्त २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून घेतली पाहिजे, असा नियम आहे. भोक तेवढे असले की त्यातल्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचतो आणि मग कितीही जोराने ओढली तरी सेकंदाला सव्वा छटाकाहून फारशी अधिक, म्हणजे सुमारे ७४ ग्रॅमपलीकडे हवा जात नाही. एका भोकाने सगळ्या इंजिनांना लगाम! हवेवर शक्ती कशी अवलंबून असते याचा याहून बोलका पुरावा नाही.

हैदराबाद समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आतबाहेर उंचीवर वसलेले आहे. त्यामुळे येथे हवेचा दाब मुळातच कमी, सुमारे ९५० मिलिबार असतो. समुद्रकाठी तो १०१३ असतो. त्यात उन्हाळा. मुंबईला ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१६ किलो भरते, तर मे महिन्यात दुपारी ४० अंशांना हैदराबादेत ते १.०६ किलोपर्यंत उतरते. म्हणजे कोणताही सुटा भाग न बदलता, केवळ गाडी मुंबईहून येथे आणली म्हणून नऊ टक्के हवा गेली. बेगमपेठच्या विमानतळावरून उडणाऱ्या वैमानिकांना हा हिशेब उड्डाणापूर्वी करावाच लागे, कारण उन्हाळ्याच्या दुपारी विमानाला धावपट्टी अधिक लागते. मोटारवाल्याला तो कोणी शिकवीत नाही. भाच्याला मी तो करून दाखविला तेव्हा त्याचा चेहरा थोडा उतरला. कागदावरची ४०० अश्वशक्ती येथे मे महिन्यात कधीच हाती येत नाही.

बाजारात त्याच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, मूळची पेटी तशीच ठेवून फक्त आतली कागदी गाळणी काढायची आणि तेल लावलेल्या सुती कापडाची गाळणी घालायची. दुसरा, पेटीच काढून बॉनेटखाली उघडा शंकू बसवायचा. शंकूभोवती उष्णता अडविण्यासाठी एक पत्रा देतात. तिसरा, लांब नळी खाली नेऊन गाळणी बंपरच्या मागे, चाकाजवळ बसवायची, म्हणजे तिला बाहेरची थंड हवा मिळते. राणीगंजमध्ये सुटे भाग विकणाऱ्या एका वयस्क मेस्त्रीला आम्ही विचारले. तो म्हणाला, “आवाज तो बढ जाता साब, ताकत का मेरे कू नै मालूम.” इतके शास्त्रशुद्ध उत्तर मला पुढे कोणत्याही जाहिरातीत वाचायला मिळाले नाही.

ताकदीचे आपण मोजून पाहू, असे आम्ही ठरविले. यासाठी लागणारे उपकरण प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे: इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी नळी आणि तिच्यात रंगीत पाणी. हवा ज्या वाटेने इंजिनात जाते ती वाट अरुंद असेल, तर गाळणीच्या पलीकडचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो. नळीचे एक टोक गाळणीच्या पलीकडे जोडा, दुसरे मोकळे ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजे दाबाची घट. आता यातली मौज पाहा. हैदराबादच्या ९५० मिलिबार दाबाचा एक टक्का म्हणजे साडेनऊ मिलिबार, आणि साडेनऊ मिलिबार म्हणजे जवळजवळ दहा सेंटिमीटर पाणी. तेव्हा पाण्यातला दहा सेंटिमीटरांचा फरक म्हणजे एक टक्का हवेचे नुकसान, असे सरळ फूटपट्टीने वाचता येते. चारशे अश्वशक्तीच्या गाडीत एक टक्का म्हणजे चार अश्वशक्ती.

प्रयोग करणाऱ्यांसाठी दोन सूचना. नळीचा प्रत्येक बाहू किमान मीटरभर लांब घ्यावा आणि इंजिन व नळी यांच्यामध्ये एक रिकामी, घट्ट बुचाची बाटली जोडावी, नाहीतर पाणी ओढले जाऊन थेट इंजिनात जाईल. दुसरे, हा प्रयोग रस्त्यावर पूर्ण वेगाने करू नये. ते धोक्याचे तर आहेच, शिवाय वेग वाढताना गाडीतले पाणीही मागे कलते आणि आकडे खोटे येतात. आम्ही शहराबाहेरच्या एका कारखान्यात चाके रोलरवर ठेवून मोजले. तेथे ताशी दराने पैसे पडले, पण इन्टेकच्या किमतीपुढे ते काहीच नव्हते.

मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर, थ्रॉटल पूर्ण उघडा असताना, मूळ पेटी व मूळ कागदी गाळणी यांच्यासह फरक आला २१ सेंटिमीटर. गाळणी क्षणभर काढून पाहिली तर १५. याचा अर्थ असा की गाळणीमुळे होणारे नुकसान अवघे ६ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक. जगातली सर्वोत्तम गाळणी, जी हवेला अजिबात अडवीत नाही, ती जरी बसविली तरी या गाडीत अडीच अश्वशक्तींपेक्षा जास्त मिळणे शक्य नाही. पहिल्या पर्यायाचा निकाल तेथेच लागला. सगळी वाटच नाहीशी केली, हवा थेट थ्रॉटलवर आली, तरी २१ सेंटिमीटरांचे दोन टक्के, म्हणजे आठ-साडेआठ अश्वशक्ती. आणि जाहिरातीत लिहिले होते पंधरा! भाच्याच्या एका मित्राच्या तशाच गाडीवर उघडा शंकू बसविलेला होता. तीही त्याच रोलरवर चढविली. तिचा फरक आला ११ सेंटिमीटर. तेव्हा शंकूने खरोखरच दहा सेंटिमीटर वाचविले होते. एक टक्का, चार अश्वशक्ती. हे नाकारण्यात अर्थ नाही. (ही दोन गाड्यांची मोजमापे आहेत, दुसऱ्या गाडीचे आकडे दुसरे येतील. पद्धत तेवढी घ्यावी.)

येथपर्यंत शंकूची बाजू वरचढ दिसते. पण रोलरवर मोजताना बॉनेट उघडे होते आणि समोर माणसाच्या उंचीचा पंखा घोंघावत होता. रस्त्यावर बॉनेट बंद असते. दाबाबरोबर तापमानही मोजले पाहिजे. आजच्या गाड्यांत आत जाणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा संवेदक असतोच. हजारभर रुपयांचे छोटे यंत्र गाडीच्या निदान-सॉकेटला जोडले की तो आकडा फोनवर दिसतो. बाहेर ३८ अंश असताना आम्ही दोन्ही गाड्या एकामागून एक पंजागुट्ट्याच्या गर्दीतून नेल्या. मूळ पेटीची हवा ४७ अंशांवर स्थिरावली, शंकूची ६१ वर गेली. नंतर बाह्यवर्तुळ रस्त्यावर दहा-बारा मिनिटे नियमित वेगाने चालविल्यावर मूळ पेटीची ४१ वर उतरली, शंकूची ४६ वर. कारण उघड आहे. मूळ पेटी समोरच्या जाळीकडून बाहेरची हवा घेते. उघडा शंकू बॉनेटखालची, रेडिएटरवरून तापून आलेली हवा घेतो. तो पत्रा उष्णतेला थोडासा अडसर करतो, पण बॉनेटखाली भट्टी पेटलेली असताना पत्र्याने किती भागणार?

तापमान वाढले की हवा विरळ होते. ४० अंशांच्या सुमारास दर तीन अंशांना घनता एक टक्क्याने उतरते. इंजिनाच्या शक्तीवर मात्र याचा परिणाम थोडा सौम्य होतो, कारण सिलिंडरपर्यंत जाताना थंड हवा भिंतींतून अधिक उष्णता घेते आणि गरम हवा कमी. इंजिनांच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय प्रमाण या गोष्टीचा विचार करून जे सूत्र वापरते त्याप्रमाणे पाच-सहा अंशांना एक टक्का शक्ती जाते. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर शंकूने पाच अंशांपोटी जवळपास एक टक्का गमावला. दाबात मिळविलेला टक्का तापमानात गेला; जमाखर्च बरोबर! आणि गर्दीत चौदा अंशांपोटी अडीच टक्के तोटा. शिवाय हवा फार तापली की पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडू नयेत म्हणून गाडीचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो. तो तोटा निराळाच.

थंड हवेचे महत्त्व जुन्या कारखानदारांना कळत नव्हते असे नाही. काही जुन्या फियाट गाड्यांच्या हवेच्या पेटीवर उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन खुणा असत. हिवाळ्यात तोंड गरम एग्झॉस्टकडे वळवायचे, उन्हाळ्यात बाहेरच्या हवेकडे. आपल्याकडे ती दुसऱ्या बाजूला वळविण्याचा प्रसंग कितीसा येणार!

‘वेगामुळे हवा आपोआप आत कोंबली जाते’ असाही एक दावा असतो. तोही त्याच फूटपट्टीने मोजावा. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा सगळा दाब पकडला तरी तो चार सेंटिमीटर पाणी भरतो. अर्धा टक्कादेखील नाही. ‘मायलेज वाढते’ हे तर पूर्ण चुकीचे. शहरात गाडी चालविताना थ्रॉटल जेमतेम उघडा असतो. तीच वाटेतली सर्वांत मोठी अडचण असते आणि ती ड्रायव्हरने आपल्या पायाने निर्माण केलेली असते. हवेचा प्रवाह दहाव्या हिश्श्यावर आला की गाळणीतली दाबाची घट जवळजवळ शंभराव्या हिश्श्यावर येते. कोटी ते माधापूर या प्रवासात गाळणी कोणती आहे हे इंजिनाला कळतसुद्धा नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम चोंदलेल्या गाळण्या बसवून पाहिल्या. आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही, फक्त पूर्ण जोर लावताना वेग वाढायला वेळ लागला.

नळीच्या व्यासाबद्दल थोडे. पाच लिटरचे इंजिन ६५०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे २६० लिटर हवा घेते. ८० मिलिमीटरच्या नळीतून ती ताशी १८५ किलोमीटर वेगाने जाते, १०० मिलिमीटरच्या नळीतून ताशी १२०. रुंद नळी बरी, असे कोणालाही वाटेल. पण या गाडीत हवेचे वजन मोजण्यासाठी नळीतच एक तापलेली बारीक तार असते. हवा जितकी जोराने जाईल तितकी तार थंड होते, आणि त्यावरून संगणक किती पेट्रोल सोडायचे ते ठरवितो. नळी रुंद केली की त्याच हवेचा वेग कमी होतो, तार कमी थंड होते, संगणकाला वाटते हवा कमी आली; तो पेट्रोल कमी सोडतो. पूर्ण जोर असताना पेट्रोल कमी पडणे हे दट्ट्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून नळीचा व्यास बदलणारा इन्टेक घेतला तर संगणकाची आज्ञावली बदलणे ओघाने आलेच, आणि तो खर्च इन्टेकच्या जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो. तेल लावलेल्या गाळणीला तेल जास्त झाले तर ते उडून या तारेवरच बसते, हाही एक धोका.

आता धुळीकडे वळतो. माझ्या मते निवडीचा खरा निकष हाच आहे, आणि दुकानात त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. हैदराबाद ग्रॅनाइटवर वसलेले शहर आहे. बंजारा हिल्सचे प्रचंड धोंडे आपण सर्वांनी पाहिले आहेत. आज कोकापेट, नानकरामगुड्याच्या बाजूला उंच इमारतींसाठी तोच दगड फोडून, दळून वापरला जातो. त्यातल्या गारेचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा कठीणपणा मोह्‌सच्या मापपट्टीवर ७ आहे. पोलादाचा सुरीचा पाताही साधारणपणे त्यापुढे मऊ पडतो. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा असा एक कण सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाच्या थरात शिरला की तो काचकागदाचे काम करतो.

भाच्याच्या गाडीचा हिशेब मांडू. वर्षाला १०,००० किलोमीटर, लिटरला सात किलोमीटर. म्हणजे १४०० लिटरांच्या वर पेट्रोल आणि चौदा हजार घनमीटरांच्या वर हवा. बांधकामाच्या ट्रकांमागून जाताना घनमीटरला एक मिलिग्रॅम धूळ आहे असे समजा. वर्षात चौदा ग्रॅम धूळ गाळणीपाशी येईल. गाळणी शेकडा ९९.५ धूळ अडवीत असेल तर सिलिंडरात जाईल ०.०७ ग्रॅम. शेकडा ९७ अडवीत असेल तर ०.४३ ग्रॅम. दुकानात ‘साडेनव्व्याण्णव’ आणि ‘सत्त्याण्णव’ हे आकडे सख्खे भाऊ वाटतात. सिलिंडरच्या भिंतीला मात्र दुसऱ्यात सहापट धूळ मिळते. परीक्षेत सत्त्याण्णव गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण कौतुक करतो, पण गाळणीची परीक्षा तिने काय सोडले यावर करायची असते. म्हणून मी भाच्याला सांगितले की जो विक्रेता अश्वशक्तीचा आलेख दाखवील त्याला विचार: आय. एस. ओ. ५०११ या प्रमाणाप्रमाणे गाळणीची चाचणी झाली आहे का, आणि तिने शेकडा किती धूळ अडविली? तीन विक्रेत्यांना त्याने विचारले. एकाने चाचणीचा कागद दाखविला, दोघांनी शंकूचा रंग निवडायला सांगितले.

याला आणखी एक बाजू आहे. फोर्डने भारतातले मोटार-उत्पादन थांबविण्याचे २०२१ साली जाहीर केले. तेव्हा अशा गाडीचे इंजिन झिजले तर सुट्या भागांसाठी परदेशाकडे डोळे लावून बसावे लागते. चार अश्वशक्तींसाठी कोणी हे पणाला लावावे असे मला वाटत नाही.

तिसरा पर्याय, म्हणजे चाकाजवळची खालची गाळणी, तापमानाच्या दृष्टीने सर्वांत चांगला. मूळ पेटीपेक्षाही तिला एखाद-दुसरा अंश थंड हवा मिळू शकते, आणि कोरड्या रेसट्रॅकवर मी तिचीच शिफारस केली असती. पण १३ ऑक्टोबर २०२०ची रात्र आठवा. शहरात वस्त्यांच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, मोटारी वाहून गेल्या. एवढा पाऊस नेहमी पडत नाही हे खरे. पण गुडघाभर पाणी रस्त्यावर दर पावसाळ्यात दोन-चारदा तरी साचते आणि खालच्या गाळणीला तेवढे पुरते. या इंजिनाचा एक सिलिंडर ६१९ घनसेंटिमीटरांचा, दाबाचे प्रमाण ११ला १. म्हणजे दट्ट्या वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा ६२ घनसेंटिमीटर. इराणी हॉटेलातल्या एका कप चहाहून कमी! तेवढ्याहून अधिक पाणी आत गेले की ते दाबले जात नाही, दट्ट्या थांबतो आणि खालचा दांडा वाकतो. विम्याच्या साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही. इंजिनाचे संरक्षण वेगळे विकत घ्यावे लागते.

कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मूळ पेटीत मूळ मापाची गाळणी घालणाऱ्याला याची फिकीर नको. पेटीच काढून टाकणाऱ्याने आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

मग भाच्याने काय केले? चाचणीचा कागद दाखविणाऱ्याकडून मूळ मापाची, कोरड्या माध्यमाची नवी गाळणी घेतली आणि पेटीच्या तोंडाभोवतीचे फाटलेले रबर बदलले. त्या फटीतून बॉनेटखालची गरम हवा आत येत होती, हे तापमान मोजतानाच लक्षात आले होते. रबर बदलल्यावर गर्दीतला आकडा ४७ वरून ४४ वर आला. पन्नास हजारांतले बरेचसे शिल्लक राहिले. तरीही तो थोडा खट्टू होता, हे लपवीत नाही. शंकूचा तो घुमणारा, छातीत भरणारा आवाज त्याला हवाच होता. मूळ पेटीच्या बाजूला जे पोकळ कप्पे असतात ते मुद्दाम तो आवाज शोषण्यासाठी ठेवलेले असतात. पेटी काढली की आवाज मोकळा होतो आणि कानाला वाटते शक्ती वाढली. आवाजाची आवड असणे हा काही गुन्हा नव्हे. संगीताच्या कार्यक्रमाला आपण तिकीट काढतोच की. फक्त तिकीट आवाजाचे आहे हे ठाऊक असावे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या रेसिंग गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली, तेव्हा हा पठ्ठ्या तेथे होता. त्या गाड्यांना ज्वलनासाठी हवा घ्यावीच लागत नाही, इन्टेकचा प्रश्नच नाही. “नुसती शिटी वाजल्यासारखं वाटत होतं, मामा,” असे तो अजूनही तक्रारीच्या सुरात सांगतो.

ज्यांनी आधीच शंकू किंवा तेलाची गाळणी बसविली आहे त्यांनी एक तपासणी अवश्य करावी. इंजिन थंड असताना गाळणीच्या पलीकडची, म्हणजे थ्रॉटलकडची नळी सोडवावी आणि तिच्या आतल्या बाजूने स्वच्छ पांढरे कापड बोटाने फिरवावे. थोडासा तेलकट डाग आला तर घाबरू नये. इंजिनातली वाफ उलट येऊन तो पडतो. पण कापडावर तेलंगणच्या चल्का जमिनीसारखी तांबूस पूड आली, किंवा बोटांत चोळल्यावर खरखर लागली, तर ती गाळणी त्याच दिवशी काढावी आणि पेटीच्या कडांचे रबर, नळीचे पट्टे एकेक करून तपासावेत. कागदी गाळणी झटकून घ्यावी, पण तिच्यावर जोराच्या दाबाची हवा मारू नये. कागदाला पडलेले भोक डोळ्यांना दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत आतून विजेरी धरली तर दिसते.